प्लेगचा जिवाणू दोन शेपट्या का गाळतो?

पिसवेच्या पोटात प्लेगचा जिवाणू असतो तेव्हा तिथलं तापमान २५-२६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पिसू चावते, जिवाणू उंदराच्या नाहीतर माणसाच्या कातडीखाली उतरतो आणि एकदम ३७ अंशांच्या उबेत येतो. ही ऊब त्याच्यासाठी खबर असते. ती मिळताच त्याच्यात बरीच उलथापालथ सुरू होते. पांढऱ्या पेशींना टोचायची प्रथिनं तयार व्हायला लागतात, हे पूर्वीपासून माहीत होतं. त्याच सुमाराला आणखी एक बदल होतो, तो मात्र सहज लक्षात येत नाही. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात लिपिड ए नावाचा चरबीसारखा रेणू असतो. पिसवेत बनलेल्या लिपिड ए ला सहा शेपट्या असतात. माणसाच्या अंगात बनणाऱ्या बहुतेक रेणूंना चारच.

जिवाणू जुन्या शेपट्या छाटत बसत नाही. उबेत त्या जोडणाऱ्या एन्झाइमचं काम थंडावतं, त्यामुळे नवा माल चार शेपट्यांचाच निघतो आणि जिवाणूंच्या दोन-चार पिढ्यांत सगळं आवरण बदलून जातं. हा बदल होऊच दिला नाही, तर प्लेगचा जिवाणू धडधाकट उंदरालाही मारू शकत नाही. ते कसं कळलं, ते पुढे येईलच. आधी या आवरणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शाळेत त्याची ओळख ‘पेशीच्या भोवतीचं पटल’ एवढ्यावरच आटोपते.

पटल म्हणजे लिपिडांचा दुहेरी थर. प्रत्येक लिपिडाला पाण्याजवळ राहू पाहणारं एक डोकं असतं आणि पाण्यापासून पळणाऱ्या शेपट्या असतात. या शेपट्या मेदाम्लांच्या, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्यांच्या. डोकी बाहेर, शेपट्या आत, अशी रचना आपोआप होते. जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. पण पटल म्हणजे ताणून बसवलेला कागद नव्हे. गच्च भरलेल्या सभागृहात माणसं एकमेकांना खेटून सरकत राहावीत, तसे हे रेणू सतत जागा बदलत असतात. त्यांच्यामध्ये प्रथिनं रुतलेली असतात आणि त्या प्रथिनांपैकी कितीतरी एन्झाइम असतात. त्यातली काही या लिपिडांवरच काम करतात. कुठे शेपटी जोड, कुठे फॉस्फेट काढ, कुठे डोक्याला काही चिकटव, असं काम चालूच असतं. जिवाणूची जनुकं थेट लिपिड बनवत नाहीत. ती एन्झाइम बनवतात आणि एन्झाइम लिपिड घडवतात. म्हणून रोगकारकतेच्या बाबतीत या दोघांची गोष्ट वेगवेगळी सांगताच येत नाही.

सगळ्या जिवाणूंचं आवरण सारखं नसतं. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं १८८४ मध्ये जिवाणू रंगवायची जी पद्धत काढली, तिनं त्यांचे दोन मोठे गट पाडले. ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंना एकच पटल असतं आणि त्यावर जाड भिंत. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंना पातळ भिंतीच्या बाहेर आणखी एक पटल असतं आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला लिपिड ए. प्लेग, टायफॉइड, कॉलरा, मेंदुज्वराचा मेनिन्गोकोकस हे सगळे या दुसऱ्या गटातले. क्षयाचा जिवाणू कुठल्याच गटात नीट बसत नाही, त्याच्याकडे नंतर वळू.

लिपिड ए ची ओळख पटली ती एका कोड्यातून. रिचर्ड फायफर हे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत कॉलऱ्यावर काम करत होते. कॉलऱ्याचे जिवाणू उष्णतेनं मारून गिनिपिगना टोचले तरी गिनिपिग मरायचे, असं त्यांना १८९२ च्या सुमारास आढळलं. जिवाणू मेलेला, म्हणजे विष सोडायला कोणी नाही, आणि तरीही प्राणी दगावतो. विष जिवाणूच्या अंगातच असणार, असं म्हणून त्यांनी त्याला एंडोटॉक्सिन म्हटलं. ते विष म्हणजे लिपिड ए, हे ठरायला पुढे कित्येक दशकं गेली.

मजेची गोष्ट अशी की एरवी विषानं पेशीचं जे थेट नुकसान होतं, तसं लिपिड ए काही करतच नाही. आपलं शरीर ते ओळखतं आणि स्वतःच पेटून उठतं. ताप, रक्तदाब कोसळणं, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडणं, हा सगळा आपल्याच प्रतिकारशक्तीचा उद्योग. ओळखणारं प्रथिन कोणतं, हे ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये दाखवलं. त्यांच्याकडे उंदरांची एक विचित्र जात होती. एंडोटॉक्सिन कितीही टोचा, त्यांना ढिम्म काही होत नसे. त्यांच्यात टीएलआर-४ नावाच्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं निघालं. या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं. पण मला यातला दुसरा भाग जास्त बोलका वाटतो. हेच उंदीर, ज्यांना एंडोटॉक्सिन बाधत नव्हतं, ते साल्मोनेला या जिवाणूच्या थोड्याशा संसर्गानंही पटापट मरत. म्हणजे ज्याला आपण विष म्हणतो, त्याच्यावर चिडता येणं हीच उंदराची ढाल होती.

आता शेपट्यांचा हिशोब. टीएलआर-४ ला चिकटून एमडी-२ नावाचं एक छोटं प्रथिन असतं आणि त्यात एक खोलगट जागा असते. सहा शेपट्यांचा लिपिड ए आला की पाच शेपट्या त्या खोबणीत शिरतात, सहावीला जागा उरत नाही आणि ती काठावर बाहेर राहते. तिची मदत होऊन शेजारचं दुसरं टीएलआर-४ येऊन चिकटतं. दोन टीएलआर-४ जवळ आले की पेशीच्या आत इशारा जातो. हे चित्र २००९ मध्ये स्फटिकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं. चार शेपट्यांचा रेणू आला तर? चारही आत मावतात, बाहेर काही राहत नाही, जोडी जुळत नाही. इशारा जातच नाही, वर खोबणीही अडते.

प्लेगच्या जिवाणूनं नेमकं हेच साधलेलं आहे. ३७ अंशांवर, म्हणजे बरोबर आपल्या अंगात, तो असा रेणू बनवतो की माणसाची पहारा देणारी पेशी त्याला जवळजवळ ओळखत नाही. पहिले काही दिवस त्याला वाढायला मोकळीक मिळते. शरीराला जाग येते तेव्हा जिवाणूंची संख्या आवाक्याबाहेर गेलेली असते.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये याची सरळ परीक्षा घेतली. ई. कोलाय या जिवाणूकडे एलपीएक्सएल नावाचं शेपटी जोडणारं एन्झाइम असतं, ते उबेतही काम करतं. प्लेगच्या जिवाणूकडे ते नसतं. संशोधकांनी ते एक जनुक प्लेगच्या जिवाणूत घातलं. बाकी सगळी हत्यारं जागच्या जागी होती, टोचायची प्रथिनंही होती. फक्त लिपिड ए आता ३७ अंशांवरही सहा शेपट्यांचा बनू लागला. मोठा डोस देऊनही उंदीर मेले नाहीत. वर त्या संसर्गातून त्यांना खऱ्या प्लेगपासून संरक्षण मिळालं. ज्या उंदरांचं टीएलआर-४ निकामी होतं, त्यांना मात्र हा बदललेला जिवाणूही मारत होता. जिवाणूत एक एन्झाइम वाढवलं की तो दुबळा होतो, हे ऐकायला उलटं वाटतं. पण घातक असणं ही गोष्ट जिवाणूच्या एकट्याच्या अंगात नसते. समोरचं शरीर त्याला कसं वाचतं, यावर ती ठरते.

पोटात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हाही याच वाटेनं जातो. तो शेपट्या कमी करतोच, शिवाय लिपिड ए वरचे फॉस्फेटही एन्झाइमनं काढून टाकतो. त्यात भर म्हणून आपल्या पेशींमधलं कोलेस्टेरॉल उचलतो, त्याला साखर जोडतो आणि स्वतःच्या पटलात बसवतो.

शेपट्यांचं हे गणित कळल्यावर त्याचा औषध म्हणून उपयोग करायचा विचार सुचणारच. जंतुसंसर्ग रक्तात पसरून होणाऱ्या सेप्सिसमध्ये एंडोटॉक्सिनमुळे शरीर भडकतं, मग चार शेपट्यांचा कृत्रिम रेणू देऊन खोबणीच अडवून ठेवली तर? एरिटोरान नावाचं असं औषध तयारही झालं. मोठ्या चाचणीचे निकाल २०१३ मध्ये आले आणि मृत्यूंचं प्रमाण काही घटलं नाही. रुग्ण दवाखान्यात पोचतो तोवर इशारा कधीच जाऊन चुकलेला असतो, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. उलट दिशेचा प्रयोग मात्र जमला. साल्मोनेलाच्या लिपिड ए मधला एक फॉस्फेट काढला की त्याचा विषारीपणा खूप उतरतो, पण प्रतिकारशक्तीला हलकंसं जागं करायची त्याची ताकद राहते. हा रेणू आज नागिणीच्या आणि मलेरियाच्या एकेका लशीत घातलेला असतो.

आता शेपट्या सोडून डोक्याकडे येऊ. इथं सगळा खेळ विद्युतभाराचा.

आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या लिपिडांवर एकूण भार जवळपास शून्य असतो आणि मध्ये कोलेस्टेरॉल असतं. जिवाणूंच्या पटलात सहसा कोलेस्टेरॉल नसतं आणि बरीच लिपिडं ऋणभारित असतात. फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल हे त्यातलं मुख्य, कार्डिओलिपिन दुसरं. (कार्डिओलिपिन आपल्याकडेही असतं, पण मायटोकॉन्ड्रियामध्ये. मेरी पँगबॉर्न यांनी १९४२ मध्ये ते गुरांच्या हृदयातून वेगळं केलं आणि सिफिलिसच्या रक्ततपासणीत ते अजूनही वापरतात, कारण त्या आजारात शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं.) आपल्या शरीरानं या फरकाचा फायदा उचललाय. कातडी, आतडी, पांढऱ्या पेशी डिफेन्सिनसारखी धनभारित छोटी प्रथिनं बनवतात. ती ऋणभारित पटलाकडे ओढली जातात, त्यात घुसतात आणि भोकं पाडतात. आपल्या पेशींना त्यांचा त्रास बेताचाच.

गळू, न्यूमोनिया, रक्तातला संसर्ग, असं काहीही घडवू शकणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसनं यावर तोड काढलेली आहे. त्याच्या पटलात एमपीआरएफ नावाचं एन्झाइम असतं. प्रथिनं बनवण्यासाठी लायसिन हे अमिनो आम्ल ट्रान्सफर-आरएनए या वाहक रेणूवर बसून निघालेलं असतं. एमपीआरएफ ते मधल्यामध्ये उचलतं आणि फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलच्या डोक्यावर चढवतं. लिपिडाचा भार उणे एकवरून अधिक एक होतो. एवढ्यानं भागत नाही, कारण हे काम पटलाच्या आतल्या बाजूला होतं आणि शत्रू बाहेर आहे. म्हणून त्याच प्रथिनाचा दुसरा भाग तयार लिपिड उचलून बाहेरच्या थरात पलटी मारून बसवतो. एकाच रेणूत कारागीर आणि हमाल दोन्ही. धनभारित डिफेन्सिन आता धनभारित डोक्यांपाशी येऊन मागे रेटली जातात. २००१ मध्ये हे एन्झाइम काढून टाकलेला जिवाणू तपासला, तर पांढऱ्या पेशींनी त्याला लवकर मारलं आणि उंदरांतही त्याचा जोर ओसरला.

हीच युक्ती पुढे औषधांच्या मुळावर आली. डॅप्टोमायसिन हे २००३ पासून वापरात असलेलं प्रतिजैविक कॅल्शियमच्या साथीनं पटलावर हल्ला चढवतं. त्याला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसमध्ये वारंवार सापडणारा बदल एमपीआरएफच्या जनुकातच असतो. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंमध्येही चाल तीच, जागा वेगळी. लिपिड ए वरच्या ऋणभारित फॉस्फेटवर फॉस्फोइथॅनोलअमाइन चिकटवायचं, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन हे प्रतिजैविक तिथं बसत नाही. हे काम करणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक, एमसीआर-१, चीनमधल्या डुकरांच्या ई. कोलायमध्ये प्लाझ्मिडवर सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं तेव्हा खळबळ उडाली. कोलिस्टिनला न जुमानणारे जिवाणू त्याआधीही होते. पण प्लाझ्मिड म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा डीएनएचा तुकडा, त्यामुळे ही विद्या आता हातोहात फिरणार हे उघड होतं.

क्षयाच्या जिवाणूचं प्रकरण चरबीच्या दृष्टीनं सगळ्यांत श्रीमंत. त्याच्या आवरणातल्या मायकोलिक आम्लांमध्ये ६० ते ९० कार्बन असतात. आपल्या नेहमीच्या मेदाम्लांत १६ किंवा १८. या जाड, मेणचट थरामुळे साधे रंग त्याच्यावर चढत नाहीत, कित्येक औषधं आत शिरत नाहीत आणि त्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीलाही तो पचत नाही. १९५२ पासून वापरात असलेलं आयसोनियाझिड नेमकं ही आम्लं बनवणाऱ्या एका एन्झाइमला बंद पाडतं, हे त्यानंतर चाळीसेक वर्षांनी उमगलं.

मायकोलिक आम्लांच्या बाहेर आणखी काही लिपिडं असतात. त्यातलं पीडीआयएम हे संसर्गासाठी फार महत्त्वाचं. ते नसलेला जिवाणू उंदरांत फारसा वाढत नाही. प्रयोगशाळेतल्या बाटलीत मात्र त्याची काहीच गरज नसते आणि ते बनवायला खर्च मोठा. म्हणून बाटलीत पिढ्यानपिढ्या वाढवलेले जिवाणू पीडीआयएम बनवणं आपणहून सोडून देतात. ‘अमुक जनुक काढलं आणि जिवाणू दुबळा झाला’ असं म्हणावं, तर मधल्या मध्ये पीडीआयएमच गळालेलं असण्याची शक्यता. क्षयावर काम करणाऱ्यांना ही शंका प्रत्येक वेळी फेडावी लागते.

आणि खोकला. क्षयाचा खोकला फुप्फुसं सडल्यामुळे, सुजल्यामुळे येतो असं आपण धरून चालतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सल्फोलिपिड-१ हे या जिवाणूचं लिपिड वेदना टिपणाऱ्या चेतापेशींना थेट चेतवतं, असं दिसलं. शुद्ध केलेलं लिपिड हुंगवलं तरी गिनिपिग खोकत. उलट ते बनवू न शकणाऱ्या जिवाणूचा संसर्ग झालेले गिनिपिग आजारी पडूनही खोकत नव्हते. क्षय हवेतून पसरतो आणि खोकल्यानं त्याला हातभार लागतो, तेव्हा जिवाणूला याचा काय फायदा, ते वेगळं सांगायला नको.

आतापर्यंतची एन्झाइम जिवाणूच्या स्वतःच्या चरबीवर चालत होती. काही मात्र बाहेर पडून आपल्या पेशींची चरबी फोडतात. जखमेत गॅस गँग्रीन करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्सचं मुख्य विष म्हणजे आपल्या पटलातली लिपिडं कापणारं एन्झाइम, फॉस्फोलिपेज सी, असं १९४१ मध्ये सिद्ध झालं. एखादं जिवाणूजन्य विष म्हणजे एन्झाइम असू शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण नुसती तोडफोड ही बाळबोध पद्धत झाली. लिस्टेरिया या जिवाणूचा हात जास्त हलका. पेशीनं त्याला गिळून पिशवीत कोंडलं की त्या पिशवीत आम्लता वाढते आणि त्या आम्लतेतच त्याचं भोक पाडणारं प्रथिन नीट चालतं. दोन फॉस्फोलिपेज त्याच्या जोडीला असतात. पिशवी फाटते, जिवाणू पेशीच्या आत मोकळा होतो आणि तिथं आम्लता नसल्यानं हत्यार बोथट होतं. हे प्रथिन बाहेर आल्यावरही चालू राहील असा बदल संशोधकांनी केला, तर लिस्टेरिया आणखी भयंकर व्हायला हवा होता. झाला उलट कितीतरी पटींनी दुबळा, कारण ज्या पेशीत लपायचं तीच फुटून गेली.

इतकं सगळं एन्झाइमवर अवलंबून असेल तर त्यांनाच गाठावं, हा विचार अर्थातच झालेला आहे. यातलं माझं आवडतं उदाहरण पुन्हा स्टॅफिलोकोकसचं. त्याच्या वसाहती सोनेरी दिसतात, कारण पटलात एक पिवळं रंगद्रव्य असतं. हे रंगद्रव्य पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या ऑक्सिजनच्या जहाल रेणूंचा मारा शोषून घेतं. ते बनवणारं एक एन्झाइम माणसात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमशी इतकं मिळतंजुळतं आहे, की कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी तयार केलेला एक रेणू त्यालाही अडवतो, असं २००८ मध्ये दिसलं. तो दिल्यावर वसाहती पांढऱ्या पडल्या. जिवाणू मेले नाहीत, त्यांची वाढही थांबली नाही. फक्त उंदरांच्या पांढऱ्या पेशींना ते आटोक्यात आणता आले. एमपीआरएफच्या पलटी मारणाऱ्या भागाला अडवणारं प्रतिपिंडही जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या गटानं २०२२ मध्ये दाखवलं. त्यामुळे डॅप्टोमायसिनला न जुमानणारा जिवाणू पुन्हा त्या औषधाला नमतो.

अशा औषधांचं आकर्षण दुहेरी आहे. ती आपल्या उपयोगी जिवाणूंना फारसा धक्का लावणार नाहीत आणि जिवाणूला थेट मारत नसल्यानं प्रतिरोध निर्माण होण्याचा दाबही कमी असेल, अशी आशा आहे. या दुसऱ्या मुद्द्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही. शरीराच्या आत जो जिवाणू जगतो तोच पुढे वाढतो, मग त्याला औषधानं मारलं की पांढऱ्या पेशीनं, निवड होतच राहते. आणि अडचण तपासणीपासूनच सुरू होते. प्रतिजैविक चालतं की नाही हे बघायची रूढ पद्धत म्हणजे बशीत किंवा नळीत जिवाणूची वाढ थांबते का ते पाहणं. शेपट्यांचा, भाराचा किंवा रंगाचा खेळ मोडणारं औषध त्या नळीत टाकलं, तर जिवाणू मजेत वाढतो आणि औषध निकामी ठरतं. त्याचा गुण दिसायला नळीत पांढऱ्या पेशी तरी हव्यात, नाहीतर डिफेन्सिनसारखी प्रथिनं, नाहीतर थेट आजारी प्राणीच.